परप्रांतीय कामगार व आपले कर्तव्य



अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीत सकाळची पाळी सुरू होण्याच्या सुमारास एखाद्या कारखान्याच्या फाटकाशी उभे राहून पाहा. आत जाणाऱ्यांत दोन तऱ्हेची माणसे दिसतील. एकाचे नाव हजेरीपटावर असते, त्याच्या हाती वेतनाची पावती पडते, आजारी पडल्यास त्याच्यापाशी विम्याचे कार्ड असते. दुसरा ठेकेदाराच्या वहीतील नुसता आकडा असतो. काम दोघेही करतात. किंबहुना जड व धोक्याचे काम बहुधा दुसऱ्याच्याच वाट्याला येते. हा दुसरा माणूस पुष्कळदा उत्तर प्रदेश, बिहार, झारखंड किंवा ओडिशा येथून आलेला असतो. मोरिवली असो, आनंदनगर असो की बदलापूरची मानकिवली असो, सर्वत्र हाच प्रकार आहे.

या माणसाविषयी आपल्या वस्त्यांतून काय बोलले जाते, हे तुम्हांस ठाऊक आहे. "हे लोक आले आणि आमच्या पोरांची कामे गेली," असे आपणच म्हणतो. ही तक्रार सर्वस्वी खोटी आहे, असे मी म्हणणार नाही. आयटीआयचे प्रमाणपत्र घेऊन घरी बसलेला तरुण आपल्यातील अनेक घरांत आहे. परंतु मजुरीचा दर पाडला कोणी, हा प्रश्न आपण स्वतःला विचारला आहे काय? बिहारचा मजूर बिहारचा आहे म्हणून स्वस्त नाही. येथे त्याला कायदा माहीत नाही, भाषा येत नाही, त्याच्यामागे कोणी उभे नाही, म्हणून तो स्वस्त आहे. त्याला त्याचे हक्क मिळाले, तर त्याला कमी मजुरीवर राबविता येणार नाही; आणि मग आपल्या मुलाला डावलण्याचे कारणही मालकाला उरणार नाही. म्हणून माझे म्हणणे असे की, परप्रांतीय कामगाराला हक्क, आरोग्य व संस्कृती या तीन बाबतींत साहाय्य करणे हे आपल्यासाठी दान नव्हे. ते आपले कर्तव्य आहे आणि आपल्या हिताचेही आहे.

नुकतीच धम्मदीक्षा घेतलेल्या कुटुंबांना हे सांगणे मला विशेष अगत्याचे वाटते. सर्व माणसे समान मानण्याची प्रतिज्ञा तुम्ही ताजीच केली आहे. तिची पहिली परीक्षा शेजारच्या खोलीत दाटीने राहणाऱ्या परक्या माणसाशी आपण कसे वागतो, येथेच होणार आहे.

या परिसरात मूळचा कोण आणि बाहेरचा कोण, याचाही एकदा हिशेब करू. उल्हासनगर हे शहरच निर्वासितांचे आहे. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या लोकांना कल्याणजवळच्या लष्करी छावण्यांत ठेवले गेले, आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी त्या छावणीचे उल्हासनगर झाले. आजही तेथील पत्ते 'कॅम्प'च्या आकड्यांनीच सांगितले जातात. त्याच काळात सिंधमधील अस्पृश्य बांधवांची स्थिती मात्र निराळी होती. त्यांच्या सफाईच्या कामाला 'अत्यावश्यक सेवा' ठरवून त्यांना भारतात येण्यापासून अडविले जात होते. बाबासाहेबांनी डिसेंबर १९४७ मध्ये पंतप्रधान नेहरूंना पत्र लिहून हा प्रश्न मांडला. ज्याचे घर सुटले आहे अशा माणसांतही एकाला छावणी मिळते आणि दुसऱ्याला वाटही मिळत नाही, हे त्यांनी ओळखले होते. पुढे १९७२ च्या दुष्काळाने मराठवाडा, खानदेश व विदर्भातून आपल्यातील किती कुटुंबे बोचकी घेऊन मुंबईच्या आसपास आली, ते तुमच्या घरातील वडीलधाऱ्यांना विचारा. काल आपण आलो. आज ते आले आहेत. आपल्या आधी आलेल्यांनी तेव्हा आपल्याकडे ज्या नजरेने पाहिले, ती नजर आपण विसरलो काय?

नोंद नसलेल्या माणसाचे काय होते, हे ८ मे २०२० च्या पहाटे साऱ्या महाराष्ट्राने पाहिले. टाळेबंदीत जालन्याच्या पोलाद कारखान्यातील मजूर मध्य प्रदेशातील आपल्या गावी जाण्यासाठी रुळांवरून चालत निघाले. थकून ते करमाडजवळ रुळांवरच निजले आणि मालगाडीखाली १६ जण मेले. ते शहडोल व उमरिया या जिल्ह्यांचे होते. रुळांवर विखुरलेल्या त्यांच्या भाकरी सर्वांनी पाहिल्या. परंतु त्यांच्या प्रवासाची आणि अन्नाची जबाबदारी कोणावर होती, हा प्रश्न थोड्यांनीच विचारला. आंतरराज्य स्थलांतरित कामगारांचा कायदा १९७९ पासून होता. त्यात नोंदणी होती, प्रवासभत्ता होता, विस्थापन भत्ता होता. कागदावर सर्व काही होते. ते मागणारा मात्र कोणी नव्हता.

तो कायदा आता राहिलेला नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या कामगार संहितांत तो विलीन झाला आहे. नव्या संहितेत विस्थापन भत्ता उरला नाही. आणि ज्या आस्थापनेत आंतरराज्य कामगार दहा वा अधिक आहेत, तिलाच ही तरतूद लागू होते. पूर्वी ही संख्या पाच होती. हा संकोच आपण निमूटपणे मान्य करता कामा नये. तथापि जे हाती आहे तेही थोडे नाही. प्रत्येक कामगाराला नेमणूकपत्र मिळालेच पाहिजे. गावी जाण्यायेण्याचा प्रवासभत्ता आहे. स्वस्त धान्य मूळ राज्यात किंवा कामाच्या राज्यात घेण्याची सोय आहे. ठेकेदाराने मजुरी बुडविली, तर ती देण्याची जबाबदारी मूळ मालकावर येते. या चार गोष्टी किती कामगारांना ठाऊक आहेत? खरे सांगायचे तर, आपल्यातील किती जणांना ठाऊक आहेत?

कागदाची आणखी एक गोष्ट आहे, आणि ती आपल्याइतकी कोणालाही कळणार नाही. या परप्रांतीयांत आपल्यासारखेच दलित समाजाचे लोक पुष्कळ आहेत. उत्तर प्रदेशात अनुसूचित जातीत गणलेला माणूस महाराष्ट्रात आला की येथील सवलतींपुरता त्याचा तो दाखला चालत नाही. सर्वोच्च न्यायालयाने हे १९९० व १९९४ च्या निर्णयांत स्पष्ट केले आहे. म्हणून त्याला वाटते की, येथे जातीवरून कोणी अपमान केला तरी दाद नाही. हे खरे नव्हे. स्थलांतर केल्याने अत्याचार प्रतिबंधक कायद्याचे संरक्षण नाहीसे होत नाही, असा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्ण पीठाने २०२३ मध्ये दिला आहे. १९५६ ला धर्मांतर केल्यावर केंद्राच्या यादीत परत येण्यासाठी आपल्याला १९९० पर्यंत वाट पाहावी लागली. माणूस तोच, दुःख तेच, परंतु कागद त्याला ओळखत नाही, हा अनुभव आपण चौतीस वर्षे घेतला आहे. ज्याने तो घेतला, त्याने दुसऱ्याला वाट दाखवू नये काय?

आता आरोग्याकडे वळू. बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खात्याचे सभासद असताना, १९४४ मध्ये, प्रो. अडारकर यांनी कामगारांच्या आरोग्य विम्याचा अहवाल सादर केला. त्यातून १९४८ चा राज्य विमा कायदा निघाला. आज जे विम्याचे कार्ड आपण खिशात बाळगतो, त्याचे मूळ तेथे आहे. १ जुलै २०१९ पासून या विम्यासाठी कामगाराच्या वेतनातून पाऊण टक्का आणि मालकाकडून सव्वातीन टक्के घेतले जातात. मालकाचा वाटा मोठा आहे. म्हणूनच पुष्कळ ठेकेदार माणसाची नोंदच करीत नाहीत. मग यंत्रात बोट गेले की चार पट्ट्या बांधून त्याला गावी पाठविले जाते, आणि प्रकरण तेथेच मिटते.

रसायनाच्या कारखान्यांचा धोका तर सर्वांचाच आहे. नोव्हेंबर २०१४ मध्ये वालधुनी नदीत टँकरमधून रसायन ओतले गेले आणि उल्हासनगरातील शेकडो रहिवाशांना रुग्णालयात न्यावे लागले. सप्टेंबर २०२४ मध्ये अंबरनाथच्या एका कारखान्यातून वायूची गळती झाली आणि शहरभर लोकांचे डोळे चुरचुरू लागले. वायू मराठी आणि बिहारी असा भेद करीत नाही. परंतु पिंपाजवळ उभ्या असलेल्या मजुराला पिंपावरील सूचना वाचता येत नसेल, तर पहिला बळी त्याचा जातो आणि त्यानंतर वस्तीचा. त्याला ती सूचना समजावून देणे म्हणजे आपल्याच मुलांचे रक्षण करणे होय.

भाषेचा आणि संस्कृतीचा प्रश्न काहींना गौण वाटेल. त्यांच्यासाठी दूरचे एक उदाहरण देतो. मेक्सिकोच्या दक्षिणेस ग्वाटेमाला नावाचा देश आहे. तेथील मूळ रहिवासी माया लोक होत. १९६० ते १९९६ या काळात तेथे यादवी चालली. दोन लाखांहून अधिक माणसे मारली गेली वा नाहीशी झाली. आणि ज्यांची ओळख पटली त्यांतील ८३ टक्के माया होती, असे सत्यशोधन आयोगाने १९९९ मध्ये नोंदविले. हजारो माया कुटुंबे अमेरिकेत पळाली आणि फ्लोरिडाच्या शेतांत मजुरी करू लागली. तेथील कचेऱ्यांना आणि इस्पितळांना वाटे की हे ग्वाटेमालाचे, म्हणजे यांना स्पॅनिश येत असणार. प्रत्यक्षात ग्वाटेमालात माया लोकांच्या बावीस भाषा आहेत, आणि पुष्कळ बायाबापड्यांना आपलीच भाषा येत होती. रोग सांगता येईना, कागदावरील मजकूर कळेना. तेव्हा लेक वर्थ गावातील ग्वाटेमालन-माया सेंटरसारख्या संस्थांनी दुभाषे, आरोग्याची मदत व कायद्याचा सल्ला यांची एकत्र सोय केली.

आपल्याकडेही हेच घडते. बाहेरून आलेला तो 'हिंदीवाला', असे आपण धरून चालतो. परंतु ओडिशाच्या खेड्यातील बाळंतीण किंवा झारखंडची संताळ स्त्री डॉक्टरांपुढे गप्प उभी राहते, ती लाजेने नव्हे. तिला शब्दच नसतात म्हणून. ज्याची भाषा कोणी ऐकत नाही, तो हळूहळू स्वतःला माणूस मानणे सोडतो. हे आपल्याला ग्रंथातून शिकावे लागत नाही.

"आपलीच घरे अजून उभी नाहीत, मग दुसऱ्यांचे ओझे कशाला?" असे कोणी विचारील. मी पैसा मागत नाही. वस्तीवस्तीत विहार आहे. जयंती आणि पौर्णिमा सोडली तर त्याचे दार पुष्कळदा बंद असते. रविवारी सकाळी दोन तास ते उघडा. एक टेबल व एक वही ठेवा. येणाऱ्या कामगाराचे नाव, गाव, ठेकेदार, कारखाना आणि मजुरी लिहून घ्या. नेमणूकपत्र आहे काय, विम्याचा क्रमांक आहे काय, हे दोन प्रश्न विचारा. नसल्यास अर्ज लिहून द्या; आपल्या शिकलेल्या मुलामुलींना यापेक्षा चांगला अभ्यास कोणता? महिला मंडळाने त्यांच्या स्त्रियांना सोबत घेऊन दवाखाना दाखवावा. त्यांच्या सणाला त्यांना अंगण द्यावे, आणि त्यांच्या मुलांना मराठी शिकवावी; मात्र त्यांची भाषा तुच्छ म्हणून नव्हे, तर येथे कोणी त्यांना फसवू नये म्हणून.

एक गोष्ट कटाक्षाने पाळा. मदतीच्या बदल्यात कोणाकडून धर्मांतराची अपेक्षा करू नका. धम्म हा विचाराने स्वीकारायचा असतो. भाकरीच्या मोबदल्यात घेतलेला धर्म भाकरीबरोबरच संपतो.

पुढच्या रविवारी ती वही उघडा. पहिल्या पानावर कोणाचे नाव येते ते पाहा. आणि त्याच्या आडनावाने दचकू नका.

जय भीम!