भिवंडीने जागी केलेली कादंबरी

मे १९७० मधली भिवंडी. ७ मे रोजी शिवजयंतीच्या मिरवणुकीच्या दिवशी पेटलेल्या दंगलीत घरं जळाली, माणसं मारली गेली. आग जळगाव आणि महाडपर्यंत पोहोचली. पुढे या तिन्ही ठिकाणच्या दंगलींची चौकशी न्यायमूर्ती डी. पी. मादन यांच्या आयोगाने केली. दंगल शमल्यानंतर गावात जी माणसं आली, त्यांत अभिनेते बलराज साहनी होते आणि त्यांचे धाकटे भाऊ भीष्म. भीष्म साहनी दिल्लीत इंग्रजीचे प्राध्यापक, जन्म रावळपिंडीचा. भिवंडीतल्या जळक्या गल्ल्यांतून फिरताना त्यांना १९४७ च्या मार्चमधलं आपलं गाव आठवलं. दिल्लीला परतल्यावर ते लिहायला बसले. त्या लिखाणाची कादंबरी झाली 'तमस', आणि १९७५ मध्ये तिला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला.

भिवंडीची ओळख सांगताना यंत्रमाग येतात, गोदामं येतात, दंगली तर हमखास येतात. 'तमस'चं नाव कुणी घेत नाही. फाळणीवरच्या सर्वांत महत्त्वाच्या हिंदी कादंबऱ्यांपैकी एक या गावाने जागी केली, आणि गावाने मात्र तिच्यावर कधी हक्क सांगितला नाही. तो आता सांगायला हवा.

कादंबरीची सुरुवातच अंगावर येते. नत्थू हा कातडी कमावणारा गरीब माणूस एका कोंदट खोलीत डुकराशी रात्रभर झुंजतो आहे. मुराद अली नावाच्या माणसाने त्याच्या हातावर पाच रुपये ठेवलेत; साहेबाला डुक्कर हवंय एवढंच सांगितलंय. सकाळी ते मेलेलं डुक्कर मशिदीच्या पायरीवर सापडतं आणि शहर पेटतं. पाच दिवसांची ही कथा. त्यात गावातल्या बायका मुलांसह विहिरीत उड्या घेतात आणि इंग्रज डेप्युटी कमिशनर बौद्ध अवशेषांत रमलेला असतो. शेवटी शांततेचे नारे देत एक बस शहरभर फिरते, आणि त्या बसमध्ये घसा ताणून ओरडत असतो तोच मुराद अली. त्याला ओळखू शकला असता असा एकटा नत्थू. तो तोवर मेलेला असतो.

एवढं धारदार पुस्तक वादाशिवाय सुटणार नव्हतंच. जानेवारी १९८८ मध्ये गोविंद निहलानींची 'तमस' मालिका दूरदर्शनवर सुरू झाली. ओम पुरींचा नत्थू, सुरेखा सिक्रींची राजो, उत्तरा बावकरांची जसबीर. खुद्द भीष्मजी त्यात हरनामसिंगाच्या भूमिकेत होते. तेव्हा देशभर दिसणारी वाहिनी एकच होती, त्यामुळे देश एकाच वेळी पाहत होता. मालिकेने जातीय तेढ वाढेल, अशी तक्रार घेऊन याचिकाकर्ते मुंबई उच्च न्यायालयात गेले. न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन आणि सुजाता मनोहर यांनी मालिका स्वतः पाहिली आणि प्रक्षेपणाचा मार्ग मोकळा केला. सामान्य माणूस अशिक्षित असला तरी त्याला अक्कल असते, जुन्या चुकांतून तो शिकू शकतो, असा त्या निकालाचा रोख होता. फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयानेही तोच निर्णय उचलून धरला. त्यासाठी आधार घेतला तो नागपूर उच्च न्यायालयाच्या व्हिव्हियन बोस यांनी पूर्वी घालून दिलेल्या कसोटीचा: शब्दांचा परिणाम जोखायचा तो खंबीर, समंजस माणसाच्या नजरेने, जिथे तिथे धोका दिसणाऱ्या भित्र्याच्या नजरेने नव्हे. दंगल भिवंडीची, निकाल मुंबईचा, कसोटी नागपूरची. 'तमस'च्या वाटेवर महाराष्ट्र असा पदोपदी भेटतो.

दुखवणारं पुस्तक झाकायचं की वाचायचं, हा प्रश्न अमेरिकेतही सव्वाशेहून अधिक वर्षं चालू आहे. मार्क ट्वेनची 'हकलबरी फिन' १८८५ मध्ये तिथे प्रसिद्ध झाली आणि त्याच वर्षी कॉन्कर्डच्या सार्वजनिक ग्रंथालयाने ती ग्राम्य म्हणून बाहेर काढली. पुढे आक्षेप बदलला. कृष्णवर्णीयांसाठीची शिवी त्या पुस्तकात दोनशेहून अधिक वेळा येते. वर्गात बसलेल्या काळ्या मुलाने ती निमूट ऐकायची का? आक्षेप खरा होता, दुखणं खरं होतं. २०११ मध्ये एका प्रकाशकाने त्या शिवीच्या जागी 'गुलाम' शब्द घालून आवृत्ती काढली. शिवी गेली, पण ती देणारा समाजही पुस्तकातून पुसट झाला. याहून मोलाचं उत्तर कादंबरीकार पर्सिव्हल एव्हरेटने दिलं. २०२४ च्या 'जेम्स' या कादंबरीत त्याने तीच गोष्ट पळालेल्या गुलामाच्या, जिमच्या तोंडून सांगितली, आणि तिला पुलित्झर मिळालं. जुनं पुस्तक झाकावं लागलं नाही. त्याच्याशी भांडून नवं उभं राहिलं.

ट्वेनचं लहानपण ज्या हॅनिबल गावात गेलं, तिथे पर्यटकांना वर्षानुवर्षं त्याच्या टॉम सॉयर या नायकाचं पांढरं कुंपण दाखवलं गेलं. गुलामांची कहाणी मागेच राहिली होती. २०१३ मध्ये तिथे जिमच्या नावाने कृष्णवर्णीयांच्या इतिहासाचं छोटं संग्रहालय उघडलं. गाव आपल्या पुस्तकाकडे असं पुन्हा पुन्हा वळू शकतं.

भिवंडीकरांची हरकत इथे ऐकून घेतली पाहिजे. १९७० ची दंगल झाली, १९८४ ची झाली. बाहेरच्या माणसाच्या तोंडी भिवंडीचं नाव आलं की पाठोपाठ दंगल येते. पोरांची लग्नं जमवताना, नोकरी शोधताना हा शिक्का सोबत असतो. पुन्हा तीच जखम कशाला उकरायची? ही तक्रार रास्त आहे. पण 'तमस'मध्ये भिवंडीवर एक अक्षरही नाही. या गावातली राख पाहून लेखकाला स्वतःच्या गावची राख दिसली. म्हणजे भिवंडी जगावेगळी वाईट नव्हती, हेच ते पुस्तक सांगतं. शिवाय या गावाची दुसरीही गोष्ट आहे. मालिका लागली त्याच १९८८ मध्ये पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी इथे मोहल्ला समित्या बांधायला घेतल्या. गल्लीगल्लीतले हिंदू-मुसलमान शेजारी आणि पोलीस नेमाने एकत्र बसू लागले. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबई जळत असताना भिवंडी शांत राहिली. अफवा आणणारा मुराद अली आपल्यातलाच कोण, हे ओळखणारी माणसं गल्लीत बसली होती. 'तमस'च्या शेवटच्या पानावर जी उणीव खुपते, ती इथल्या माणसांनी भरून काढली.

कादंबरीवर खरे आक्षेपही घेता येतील आणि घ्यावेत. सवर्ण आणि श्रीमंत ज्या कटात सुटतात, त्यात पहिला हात दलिताचाच का दाखवला? नत्थूची बायको कर्मो पोटुशी आहे, तिच्या डोळ्यांतून हे पाच दिवस कसे दिसले असते? 'जेम्स'सारखं पुस्तक मराठीत किंवा उर्दूत कर्मोवर कुणी लिहिलं, तर ते भिवंडीतल्या पद्मानगर, निजामपुरा किंवा आसपासच्या एखाद्या आगरी गावातून यावं, इतकी या गावाची या कथेशी जवळीक आहे.

त्यासाठी आधी पुस्तक हातात पडलं पाहिजे. भिवंडीत मराठी, उर्दू, हिंदी, तेलुगू अशा भाषांतून मुलं शिकतात, आणि 'तमस'ची हिंदी उर्दू-पंजाबीत इतकी भिजलेली आहे की यांतल्या कुणालाही ती परकी वाटू नये. कॉलेजांनी आणि वाचनालयांनी दरवर्षी जूनमध्ये, सुट्टीवरून मुलं परतली की, पहिलं प्रकरण मोठ्याने वाचावं. मग बाकांवरून प्रश्न येऊ द्यावेत: पाच रुपये कुणी दिले, नत्थूने विचारलं का नाही, आणि त्या बसमध्ये शेवटी कोण बसलं होतं.