मोटारीचा मुका कंठ

गेल्या महिन्यांत शिवणयंत्राच्या तेलपाण्याविषयीं आम्ही लिहिलें, तेव्हां पुढील अंकीं भिंतीवरील घड्याळाकडे वळावें असा आमचा बेत होता. परंतु मध्यंतरीं आमच्याच घरांत एक प्रकरण उद्भवलें, आणि तें निस्तरेपर्यंत दुसऱ्या कशांत चित्त लागेना. तें प्रकरण म्हणजे आमच्या आजोबांच्या मोटारीचा मुका झालेला हॉर्न. वाचकांच्या घरीं जुनी मोटार असेलच असें नाहीं. पण एखादी जुनी वस्तु, तिच्यावरून होणारे मतभेद, आणि "टाका ती अडगळ" असें म्हणणारा एक कर्ता पुरुष, एवढें साहित्य बहुतेक एकत्र कुटुंबांत असतें. तेव्हां घड्याळानें एक महिना दम धरावा.

मोटार फोर्डची 'मॉडेल ए', १९३० सालची. हें मॉडेल अमेरिकेंत १९२७ च्या अखेरीस निघालें. त्याच्या वर्षभर आधीं, १९२६ सालीं, फोर्ड कंपनीनें हिंदुस्थानांत आपली शाखा काढली होती. गाड्यांचे भाग पेट्यांत भरून समुद्रमार्गें येत व इकडे जुळविले जात. आजोबा वाईस वैद्यकी करीत. गाडी त्यांनीं वापरलेलीच विकत घेतली, आणि पसरणीच्या घाटांतून व आसपासच्या खेड्यांतून रात्रीं-अपरात्रीं ती फिरविली. ते गेले, वडील गेले, गाडी वाड्याच्या पडवींत राहिली. वर्षांतून दोन वेळां तिला बाहेर काढून, पुसून, इंजिन चालू करावें आणि पुन्हां झाकून ठेवावी, असा आमचा क्रम आहे.

यंदा आमच्या धाकट्या बंधूंनीं विक्रीचा विषय काढला. त्यांचें म्हणणें अगदींच गैर नव्हतें. वाड्याची पडवी गळते, दुरुस्तीस पैसे लागतात, आणि गिऱ्हाईक चालून आलें आहे. गिऱ्हाइकानें गाडी पाहिली, हॉर्नाची कळ दाबली, कांहीं वाजलें नाहीं. "नवा बसवून घेतों," तो म्हणाला, "हल्लीं जुन्यासारखे दिसणारे मिळतात." बंधु म्हणाले, "दादा, एवढ्याशा हॉर्नापायीं व्यवहार अडवूं नका." प्रश्न येथेंच मिटला असता, परंतु आंतून आमच्या आत्याबाई म्हणाल्या, "तो हॉर्न काढायचा नाहीं. गाडीचें काय करायचें तें करा."

आत्याबाईंचें वय अठ्ठ्याऐंशी. आजोबांचें शेवटचें अपत्य. गाडी गणपतीच्या घाटाच्या वळणाशीं आली कीं आजोबा हॉर्न वाजवीत, आणि तो ऐकला कीं बंबांत विस्तव घालावयाचा, हें लहानपणीं त्यांचें काम होतें. रोग्याकडून आलेला माणूस अंघोळीवांचून स्वयंपाकघरांत येत नसे. हॉर्न एकदां वाजला तर रोगी बरा आहे, आणि मुळींच न वाजवितां गाडी दारांत आली तर कांहीं विचारावयाचें नाहीं, ही खूण कोणीं ठरविलेली नव्हती; पण घरांतील पोरांसोरांस ठाऊक होती. हें आम्हांला इतक्या वर्षांत त्यांनीं कधीं सांगितलें नव्हतें. आम्ही हॉर्न उघडावयास घेतला तो या दिवशीं.

आतां या हॉर्नाची जात थोडी सांगितली पाहिजे. पहिल्या मोटारींना रबरी फुग्याचे भोंपू असत. हातानें दाबले कीं पों पों करावयाचे. १९०८ च्या सुमारास अमेरिकेंतील मिलर रीझ हचिसन या संशोधकाचा विजेवर चालणारा हॉर्न न्यूआर्क येथील कारखान्यांतून बाजारांत आला. त्याला 'क्लॅक्सन' हें नांव मिळालें; किंचाळणें या अर्थाच्या ग्रीक धातूवरून तें घडविलें आहे. गंमत अशी, कीं याच हचिसननें तत्पूर्वीं बहिऱ्या माणसांकरितां विजेचें श्रवणयंत्र तयार केलें होतें. एका हातानें कान दिले, दुसऱ्यानें ते बधिर करावयाची सोय केली! आमच्या मॉडेल एचा हॉर्न त्याच कुळांतला. डाव्या दिव्याखालीं तो लटकतो, पुढें पितळी भोंग्यासारखें तोंड आणि मागें डब्यासारखी पाठ.

त्या डब्यांत एक इवलीशी विजेची मोटर असते. तिच्या दांड्याच्या टोकास दांतेरी चाक, आणि चाकासमोर पातळ पोलादी पडदा. पडद्याच्या मधोमध एक टणक गुंडी बसविलेली असते. चाक फिरूं लागलें कीं प्रत्येक दांता त्या गुंडीला ठोसा देतो, पडदा आंतबाहेर होतो, आणि पुढचें तोंड त्या थरथरीला मोठें करून बाहेर टाकतें. समजा चाकाला १० दांते आहेत आणि तें सेकंदास ३० फेरे घेतें, तर पडद्यास सेकंदाला ३०० ठोके बसतील. त्या संख्येवर सुराची उंची ठरते. मोटर एकदम वेग घेत नाहीं, म्हणून सूर खालून चढत जातो. कळ सोडली कीं वेग ओसरतो, सूरही ओसरतो. जुन्या मोटारींचा तो 'अ-ऊ-गा' असा हेल येतो तो यामुळें. आजच्या गाड्यांचे हॉर्न निराळे. त्यांत मोटर नसते. विद्युच्चुंबक पडद्याला ओढतो, ओढतांना स्वतःचाच प्रवाह तोडतो, पडदा परततो, प्रवाह पुन्हां जुळतो. म्हणून ते दाबल्याबरोबर एका सुरांत ओरडतात.

आमच्या हॉर्नावर पहिला अत्याचार झाला तो शेजारच्या गांवच्या एका गॅरेजांत. तेथील मुलानें पाठीमागचा डबा काढला, आंत एक स्क्रू दिसला, तो आवळला, आवळला, आणि आणखी आवळला. हा स्क्रू दांतेरी चाकाला पडद्याच्या जवळ-दूर करण्यासाठीं असतो. तो इतका आवळल्यावर चाक गुंडीवर रुतून बसलें. मोटर फिरेना, वीज मात्र ओढीत राहिली.

दुसरा अत्याचार आम्हीं स्वतः केला, आणि तो लपविण्यांत अर्थ नाहीं. मॉडेल एची सगळी वीज ६ व्होल्टची. आम्हीं घरच्या दुसऱ्या गाडीची बॅटरी आणून तिच्या तारा हॉर्नास लाविल्या. ती १२ व्होल्टची. दुप्पट दाबानें प्रवाहही दुप्पट, म्हणजे उष्णता चौपट. तीन-चार सेकंदांत लाखेचा वास आला. सूनबाईंनीं तार उपटली म्हणून वाइंडिंग वांचलें. त्यांनीं त्यावर कांहीं भाष्य केलें नाहीं, पण ६ व्होल्टची बॅटरी दुसऱ्याच दिवशीं मागविली. आमच्या गाडींत धन टोक सांगाड्यास जोडलेलें आहे, हल्लींच्या गाड्यांच्या उलट. त्याची मात्र येथें भीति नाहीं. ही मोटर 'सीरीज' जातीची असल्यामुळें तारा उलटसुलट लागल्या तरी ती त्याच दिशेनें फिरते.

खरें म्हणजे हॉर्न उघडण्यापूर्वीं करावयाची गोष्ट वेगळीच होती. हॉर्न गाडीवरच ठेवून त्याला बॅटरीपासून दोन तारा थेट लावाव्यात. वाजला तर दोष हॉर्नांत नाहीं, वाटेंत आहे. या गाडीची कळ सुकाणूच्या मध्यभागीं असते, आणि ती दाबली कीं तार सांगाड्याला टेंकून वर्तुळ पुरें होतें. तेव्हां सुकाणूच्या दांड्यांतील तार तुटली, तिचें सुती वेष्टण कुजलें, किंवा कोणीं हौसेनें सगळीकडे रंग फांसून धातूचा धातूशीं स्पर्शच बंद केला, तरी हॉर्न मुका होतो. आमच्याकडे दोन्ही होतें, वाटेंतही दोष आणि घशांतही.

स्क्रू सैल करून मोटर बाहेर काढली. कॉम्युटेटर काळा ठिक्कर, तांब्याच्या पट्ट्यांमधील खांचा कार्बनच्या भुकटीनें बुजलेल्या. स्पिरिटच्या फडक्यानें तो पुसला. मग अगदीं बारीक काचकागदाची पट्टी त्याच्याभोंवतीं धरून हातानें दांडा फिरविला. येथें एमरी कागद वापरूं नये, त्याचे कठीण कण तांब्यांत रुतून बसतात. खांचा बांबूच्या टोकदार काडीनें उकरल्या. दोन्ही ब्रश, ज्यांस मिस्त्री लोक नुसते 'कार्बन' म्हणतात, आपल्या घरांत अडकून बसले होते. ते घासून मोकळे केले. दांड्याच्या दोन्ही टोकांस शिवणयंत्राच्या तेलाचा एकेक थेंब दिला. गेल्या महिन्याची बाटली उपयोगीं पडली. तेल कॉम्युटेटरवर जातां कामा नये.

पडद्यापाशीं मात्र आमचा हात थांबला. पडद्याला तडा गेला असता तर सगळेंच संपलें असतें. डाग देऊन जोडलेला पडदा पुन्हां तसा थरथरत नाहीं. हलक्या हातानें गंज उतरविला, उजेडासमोर धरला, नखानें टिचकी मारून पाहिली. आवाज भांड्यासारखा स्वच्छ आला. जीव खालीं पडला. पडद्याच्या दोन्ही अंगांस कागदी चकत्या असतात, त्या पार कुजल्या होत्या. त्यांवांचून कडा सारख्या आवळल्या जात नाहींत आणि आवाज चिरका निघतो. जाड, न सुरकुतणारा कागद पाहिजे होता. चिरंजीवांच्या लग्नपत्रिकेच्या उरलेल्या प्रती कपाटांत होत्याच. दोन चकत्या त्यांतून कापल्या. एकीवर 'सहकुटुंब सहपरिवार' अशीं अक्षरें आलीं आहेत.

मग आलें सूर लावणें. स्क्रू फार सैल असेल तर चाक गुंडीला शिवतच नाहीं, नुसती मोटर भिरभिरते. थोडा आवळला कीं आवाज येतो, उंच आणि पोरकट. आणखी आवळावा तसा मोटरवर भार पडून वेग कमी होतो आणि सूर खालीं, भरदार होत जातो. त्यापलीकडे गेलें कीं मोटर गुदमरूं लागते. या दोन टोकांमध्यें कोठेंही थांबतां येतें, आणि कोणतें ठिकाण बरोबर हें पुस्तक सांगत नाहीं. आम्ही तिसऱ्या खेपेस थांबलों व समाधान मानलें. ओट्यावर बसलेल्या आत्याबाई मान हलवून म्हणाल्या, "हा कोणा परक्याचा झाला. आणखी खालचा."

एरवीं त्यांना दोनदां हांक मारावी लागते. आम्हीं पाव फेरा दिला. "अजून." पुन्हां अर्धा पाव. बंधु गाडीपाशीं येऊन उभे राहिले. कळ दाबावयाचें काम त्यांनीं आपण होऊन घेतलें. पांचव्या कीं सहाव्या वेळेस हॉर्न खालून उठला, चढला, आणि शेवटीं किंचित् खरखरून विझला. आत्याबाई कांहीं बोलल्या नाहींत. पुन्हां एकदां वाजवूं का, असें बंधूंनीं विचारलें, तेव्हां त्या म्हणाल्या, "नको. एकदांच वाजवीत असत."

आम्हीं स्क्रूची वरची चकती आवळली आणि त्याची जागा रंगाच्या ठिपक्यानें नोंदवून ठेविली.

व्यवहाराचें काय, असें वाचक विचारतील. जुलै २०२१ मध्यें केंद्र सरकारनें पन्नास वर्षांवरील खासगी वाहनांच्या नोंदणीचे स्वतंत्र नियम केले. तीं मूळ स्वरूपांत राखलेलीं असावीं लागतात आणि प्रदर्शन, जुन्या गाड्यांची रॅली, इंधन, दुरुस्ती अशा कारणांपुरतींच रस्त्यावर आणतां येतात. नियमांत सांगाडा, बॉडी आणि इंजिन यांतील फेरफाराचा उल्लेख आहे, हॉर्नाचा नाहीं. म्हणजे कायद्याच्या दृष्टीनें आमचे आठ दिवस फुकटच गेले. गल्लींत तो आम्ही उगाच वाजवीत नाहीं. १९८९ च्या नियमांत कर्कश हॉर्नांस मनाई आहे, आणि शेजारीं तान्हें मूल आहे. गिऱ्हाइकाचा दूरध्वनि दोनदां येऊन गेला. बंधूंनीं त्यास दिवाळीनंतर पाहूं असें सांगितलें असून, पडवीच्या कौलांचा अंदाज काढावयास सुतार उद्यां येणार आहे.