जुन्या हिन्याची कुपी

आमच्या एका स्नेह्यांचा नारायण पेठेंतील वाडा यंदां पाडावयाचा ठरला. वाडा पाडावयाचा म्हणजे आधीं माळे रिकामे करावयाचे, हें पुणेकर वाचकांस सांगावयास नको. माळ्यावरून पितळी घंगाळें उतरलीं, दोन पिढ्यांच्या पंचांगांचे गठ्ठे उतरले. आणि एका शिसवी पेटींत, जुन्या खणांत गुंडाळलेली एक कुपी निघाली. बोटभर उंचीची, कापीव कांचेची. तोंडाशीं बूच, बुचावर लाख, आणि गळ्याभोंवतीं दोऱ्यानें बांधलेली मोडी चिठी. स्नेह्यांस मोडी येत नाहीं, म्हणून चिठी वाचावयास मला बोलावणें आलें. ‘हिना, कनोज, अर्धा तोळा’ एवढींच पदें तींत होतीं. सन नाहीं, किंमत नाहीं.

कुपी त्यांच्या मातोश्रींना माहेराहून मिळालेली. म्हणजे आज ती ऐंशी वर्षांच्या घरांत असावी. 12 जुलै 1961 रोजीं पानशेतचें धरण फुटून पुराचें पाणी पेठांत शिरलें, तेव्हां त्या बाईंनीं देव ओट्यांत घेतले, ही कुपी मुठींत धरली आणि माडी गांठली, ही कथा त्या घरांत सर्वांस पाठ आहे. परंतु त्यांनीं ती कधींच उघडली नाहीं. मुलीच्या लग्नांत नाहीं, नातवाच्या मुंजींत नाहीं. अत्तरगुलाबाची वेळ आली म्हणजे बाजारांतून दुसरें अत्तर आणवीत.

आतां बहीणभावांत मतभेद पडला. “आईनें जें उघडलें नाहीं तें आपण उघडावें असें तुला वाटतें तरी कसें?” असें थोरल्या ताईंचें म्हणणें. “अगं ताई, बुचांतून निम्में उडून गेलें आहे. आणखी वीस वर्षांनीं नुसती कांच उरेल, मग काय जपायचें?” असें स्नेह्यांचें. न्याय करावयास मी. फ्रान्समध्यें व्हर्साय येथें 1990 सालीं जुन्या सुगंधांचें एक भांडार स्थापन झालें. तेथें बाटल्यांत आर्गॉन वायु भरून त्या बारा अंश उष्णतेच्या तळघरांत ठेवतात, कारण हवा, उजेड आणि ऊब हे सुगंधाचे तीन वैरी. आमच्या कुपीला तीन बाजूंनीं वैरी आणि रक्षणास लाखेचा एक थर! मीं उघडण्याच्या बाजूनें कौल दिला. ताई कांहीं बोलल्या नाहींत. मात्र ठरल्या दिवशीं सर्वांच्या आधीं येऊन बसल्या होत्या.

हिना हें थंडीचें अत्तर; उन्हाळ्याला वाळा, थंडीला हिना, असा आपल्याकडील रसिकांचा संकेत. म्हणून मार्गशीर्षांतील एक संध्याकाळ धरली. आम्ही पांच जण जमलों. लाख फोडली, बूच निघालें. आंत काकवीसारखें दाट, तांबूस काळें असें कांहीं होतें. कांचेच्या सळईच्या टोकानें प्रत्येकाच्या मनगटाच्या पाठीवर एकेक ठिपका लावला.

आणि मग खरी पंचाईत झाली. “मास्तर, तुम्ही संस्कृतवाले. सांगा कसा आहे वास!” मंडळींतील एक गृहस्थ पूर्वीं रसायनाच्या कारखान्यांत होते, ते म्हणाले, “लवंग, कापूर, मागें थोडा धूर.” वहिनी म्हणाल्या, “मला तर जुन्या तपकिरीच्या डबीची आठवण येते.” मला ओल्या वाळ्याची मुळी आणि उन्हांत तापलेली पोथी यांचा भास झाला, पण माझें नाक आतां पूर्वीचें राहिलें नाहीं, हेंहि कबूल केलें पाहिजे. तिघांचीं तीन उत्तरें आणि तिन्हीं उसनीं! आपल्या तर्कसंग्रहांत अन्नंभट्टानें रूपाचे सात प्रकार सांगितले, रसाचे सहा सांगितले, स्पर्शाचे तीन सांगितले. गंधाशीं येऊन मात्र तो दोहोंवरच थांबला: सुरभि आणि असुरभि. विद्यार्थिदशेंत ही विभागणी मला आळशीपणाची वाटे. त्या संध्याकाळीं अन्नंभट्टाची अडचण समजली.

बरें, आपल्या पूर्वजांचा गंधशास्त्राशीं परिचय नव्हता असें मुळींच नाहीं. वराहमिहिराच्या बृहत्संहितेंत गंधयुक्तीवर स्वतंत्र अध्याय आहे. सोळा द्रव्यांतून कोणतींहि चार घेतलीं तर 1,820 चौकडे होतात, आणि प्रत्येक चौकड्यांत एक, दोन, तीन, चार असे भाग बदलून एकंदर 1,74,720 गंध सिद्ध होतात, असें त्यानें मांडलें आहे. मास्तरकीची खोड जात नाहीं. मीं तें गणित करून पाहिलें आहे. एका चौकड्याचे क्रम 24 होतात, त्यानें 96 धरले. म्हणजे एकच मिश्रण चारदां मोजलें. खरा आंकडा 43,680. तोहि कांहीं लहान नव्हे! परंतु सिद्ध झालेल्या सुगंधांस नांवें देतांना तोहि बकुळ, चंपक, उत्पल, अतिमुक्तक यांच्याकडेच वळला. वासाचें वर्णन वासानेंच, यापलीकडे तोहि गेला नाहीं.

या विषयांतलें एक मोठें काम आपल्या पुण्यांतच झालें, हें पुष्कळांस ठाऊक नसतें. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे क्युरेटर परशुराम कृष्ण गोडे यांनीं 1945 च्या सुमारास एका दुर्मिळ हस्तलिखिताचा परिचय करून दिला. त्यांत गंगाधराचा ‘गंधसार’ आहे आणि ‘गंधवाद’ नांवाचा दुसरा ग्रंथ आहे. आणि आपणांस विशेष अभिमानाची गोष्ट ही कीं, गंधवादावर जुनी मराठी टीका आहे. कोणा अज्ञात मराठी माणसानें सुगंध करण्याची कृति आपल्या भाषेंत समजावून ठेवली! पुढें 1989 सालीं हे ग्रंथ बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेंत छापले गेले. गंधसारांत भावन, पाचन, बोध, वेध, धूपन, वासन अशा सहा क्रिया सांगितल्या आहेत. कृति सर्व आहे. पण त्या कृतींनीं झालेला गंध हुंगणारें नाक त्यांच्याबरोबरच गेलें. दिनकर केळकरांनीं दिव्यांना आणि अडकित्त्यांना संग्रहालय मिळवून दिलें. वासाला तें भाग्य कोण देणार?

असो. विषय ताईंचा होता. सर्वांचें हुंगून झालें, तरी त्या मनगट नाकाशीं धरून बसल्या होत्या. शेवटीं म्हणाल्या, “हा आईचा वास नाहीं.” आणि हात पदराखालीं घेतला. आम्ही गप्प झालों. खरें तर तसा तो असणार तरी कसा? जें अत्तर बाईंनीं कधीं लावलेंच नाहीं, त्याला त्यांचा वास कोठून यावा? पण हें तर्कशास्त्र त्या वेळीं बोलून दाखविण्याचें नव्हतें. स्नेह्यांचा चेहरा उतरला. कुपी उघडण्याचा कौल माझा. त्यामुळें मलाहि रात्रभर चैन पडलें नाहीं.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं ताईंचा फोन आला. “मास्तर, रात्रीं हात धुतला नव्हता. आतां हुंगून पाहिलें. आई सहाणेवर गंध उगाळून उठली कीं तिच्या हाताला येई ना, तोच वास!”

यांत चमत्कार नाहीं. कनोजचे कारागीर तांब्याच्या देगेंत फुलें, मुळ्या, मसाले व पाणी घालून तोंड मातीनें लिंपतात. खालीं मंद जाळ असतो. वाफ बांबूच्या नळीनें भपक्यांत उतरते, आणि त्या भपक्यांत आधींच चंदनाचें तेल ठेवलेलें असतें. फुलामसाल्यांचा अर्क त्या तेलांत मुरतो. लावल्यावर हलके अंश आधीं उडतात, जड अंश मागें राहतात. रात्र सरली म्हणजे उरतें तें चंदन. आज चंदन महाग झाल्यामुळें पुष्कळ अत्तरांत त्याच्या जागीं पातळ पॅराफिन घालतात. तशा अत्तराचा ठिपका सकाळीं ताईंस कांहींच सांगता ना.

पुढचा प्रश्न उरलेल्या पाव तोळ्याचा होता. अर्धवट रिकाम्या कुपींत हवा राहते आणि अत्तर बिघडवते. तेव्हां तें लहान कुप्यांत कांठोकांठ भरून ठेवणें हाच उपाय. म्हणजे जतन करावयाचें तर वांटणें आलेंच. आम्ही चार इवल्या कुप्या आणल्या. एक स्नेह्यांस, एक त्यांच्या परदेशीं असलेल्या मुलीस, एक कारखान्यांतल्या गृहस्थांस आणि, मीं नको नको म्हणत असतां, एक मला. ताईंस पहिली देऊं केली होती. त्यांनीं ती घेतली नाहीं. मूळची रिकामी कुपी मात्र त्याच खणांत गुंडाळून त्या घेऊन गेल्या.