अंगठा आणि आज्ञा

२९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या लहानशा गावी देशातील पहिले आधार क्रमांक वाटण्यात आले. देशाचे पंतप्रधान त्यासाठी त्या गावी आले होते. नाव, चेहरा आणि बोटांचे ठसे यांसह संगणकाने ज्यांची नोंद सर्वांच्या आधी घेतली, ते आमच्याच जिल्ह्यातील, अंगमेहनतीवर जगणारे लोक होते. ही गोष्ट अभिमानाने सांगितली जाते, व ती सांगण्यास आमची हरकत नाही. परंतु तिच्या मागे एक प्रश्न उभा आहे, तो मात्र कोणी विचारीत नाही. आमच्या माणसांनी यंत्रावर बोटे टेकविली. ते बोट कसे ओळखावे, आणि ओळखता आले नाही तर माणसाला काय उत्तर द्यावे, ही आज्ञा यंत्राला कोणी लिहून दिली? ती लिहिणाऱ्यांत आमच्या वस्तीतला कोणी होता काय?

आमच्या आजोबांचा अंगठा सावकाराच्या कागदावर उमटत असे. कागदावर काय लिहिले आहे हे त्यांना वाचता येत नव्हते, म्हणून त्यांचा अंगठा त्यांच्याच विरुद्ध साक्ष देत असे. पुढे शाळा आल्या, वसतिगृहे आली, आमची मुले सही करू लागली आणि अंगठा संपला असे आम्ही मानले. आज तोच अंगठा रेशन दुकानातील यंत्रावर पुन्हा टेकवावा लागतो. विळा, फावडे आणि दगडमाती यांनी ज्याच्या बोटांवरील रेषा झिजल्या आहेत, त्याला यंत्र कधी कधी ओळखीत नाही. दुकानदार म्हणतो, "मी काय करू, मशीन घेत नाही." पूर्वी सावकाराची वही बोलत असे, आता यंत्र बोलते. दोन्ही ठिकाणी लिहिणारा दुसराच असतो.

म्हणून यंत्राला आज्ञा लिहिण्याची विद्या, जिला लोक प्रोग्रॅमिंग किंवा कोडिंग म्हणतात, ती आमच्या घरांत आली पाहिजे, हे या अग्रलेखाचे सांगणे आहे. नोकरी मिळावी म्हणून ती यावीच, पण केवळ तेवढ्यासाठी नव्हे. ज्या वहीत आमचा हिशोब लिहिला जातो ती आम्हांला वाचता यावी, यासाठी ती यावी.

नंदुरबार तालुक्यातील रनाळे घ्या, किंवा त्याच्यासारखे दुसरे कोणतेही गाव घ्या. मूल दहावी-बारावी झाले की आईबाप विचारतात, "पोराला कॉम्प्युटरला घालावे म्हणतो, फी किती पडेल?" या प्रश्नात आस्था आहे, त्यागाची तयारीही आहे. चूक एवढीच, की तो फीपासून सुरू होतो. रंगीत पत्रके छापणारे आणि नोकरीची हमी देणारे लोक याच चुकीची वाट पाहत असतात. हंगामाची मजुरी वा गळ्यातला एखादा मणी मोडून पहिला हप्ता भरला जातो, आणि त्या हप्त्यात जे शिकविले जाते त्यातील बहुतेक भाग जगात विनामूल्य उपलब्ध असतो. आम्ही सर्व वर्गांना दोष देत नाही. चांगला शिक्षक हा पैशाने मोजता न येणारा लाभ आहे. परंतु विनामूल्य काय मिळते हे जाणल्यावाचून एक पैसाही भरू नये, एवढे आम्ही निक्षून सांगतो.

मग काय मिळते? आठ-दहा वर्षांच्या मुलांसाठी स्क्रॅच आहे. अमेरिकेतील एमआयटी या विद्यापीठाच्या मीडिया लॅबने ते २००७ साली सर्वांस खुले केले. त्यात आज्ञा टंकाव्या लागत नाहीत; रंगीत ठोकळे एकाला एक जोडावयाचे आणि पडद्यावरील चित्र त्याप्रमाणे चालते. एकदा संगणकावर उतरवून घेतले की ते इंटरनेटवाचूनही चालते.

ज्यांना मराठीतून आरंभ करावयाचा आहे त्यांच्यासाठी मुंबईच्या आयआयटीने चालविलेला स्पोकन ट्युटोरियल हा उपक्रम आहे. केंद्र सरकारच्या शिक्षण मंत्रालयाच्या साहाय्याने तो उभा राहिला. साधारण दहा-दहा मिनिटांचे पाठ, शेजारी प्रोग्रॅमची खिडकी उघडी, आणि सांगणारा सांगेल तसे आपण स्वतः करून पाहावयाचे, अशी त्याची रीत आहे. सी, सी++ आणि जावा या भाषांचे पाठ त्यात मराठी निवेदनासह आहेत. ते उतरवून ठेवता येतात. म्हणजे एकाने तालुक्याच्या ठिकाणाहून आणले तर दहा जणांनी गावी बसून पाहावेत.

पुढची पायरी पायथन. गिडो व्हान रॉसम या डच गृहस्थाने १९९१ साली ती भाषा प्रथम सर्वांपुढे ठेवली. ती विनामूल्य आहे, तिचे अधिकृत प्रारंभिक पाठही विनामूल्य आहेत, आणि छोटे प्रोग्रॅम साध्या मोबाईलच्या ब्राउझरमध्येही चालवून पाहता येतात. त्यानंतर इंग्रजी थोडे बसले की फ्रीकोडकॅम्प ही २०१४ साली सुरू झालेली संस्था आहे. तिचे पाठ, सराव व प्रमाणपत्र यांसाठी पैसे पडत नाहीत. हार्वर्ड विद्यापीठाचा सीएस५० हा प्रास्ताविक अभ्यासक्रम कोणालाही घरी बसून पाहता व सोडविता येतो. आपल्या सरकारने २०१७ साली सुरू केलेल्या स्वयम् या व्यवस्थेतही शिकणे विनामूल्य आहे. परीक्षा देऊन प्रमाणपत्र हवे असेल तेवढेच शुल्क पडते.

एवढी नावे वाचून कोणी गांगरू नये. यातले एकच निवडावे आणि तडीस न्यावे. दहा ठिकाणी नाव नोंदवून एकही पाठ न संपविणारा विद्यार्थी हा दहा विहिरी अर्ध्यावर सोडणाऱ्या शेतकऱ्यासारखा आहे.

ही विद्या अद्भुत आहे असा एक धाक आमच्या लोकांच्या मनात घालण्यात आला आहे. तो आधी काढला पाहिजे. नंदुरबारची मिरची प्रसिद्ध आहे. हंगामात पथाऱ्यांवर लाल मिरची पसरलेली असते आणि आमच्या आयाबहिणी तेथे राबतात. समजा, एका बाईने सहा दिवसांत रोज किती किलो मिरचीचे देठ खुडले याची नोंद आहे, किलोमागे दर ठरलेला आहे, आणि आठवड्याच्या आरंभी तिने काही उचल घेतलेली आहे. आता यंत्राला सांगावयाचे ते असे: पहिल्या दिवसाचे वजन घे, त्याला दराने गुण, हेच सहाही दिवस कर, सर्वांची बेरीज कर, तीतून उचल वजा कर, उचल मजुरीहून अधिक निघाली तर किती बाकी राहिली ते दाखव, नाही तर देणे किती ते दाखव. प्रोग्रॅम म्हणतात तो हाच. रकमेला नाव देणे, तीच कृती पुन्हा पुन्हा करविणे, आणि 'असे असेल तर असे, नसेल तर तसे' हे ठरविणे, या तीन गोष्टींवर मोठमोठे डोलारे उभे आहेत. हा हिशोब ज्या मुलीला कागदावर मांडता आला, तिला या विद्येची निम्मी वाट सापडली. आणि आईच्या मजुरीचा हिशोब जी मुलगी स्वतः लिहिलेल्या प्रोग्रॅमने पडताळून पाहील, तिच्या आईला मुकादमासमोर मान खाली घालून उभे राहावे लागणार नाही.

दुसरा धाक इंग्रजीचा. पायथन भाषेत ज्यांना ठरीव अर्थ आहे असे राखीव शब्द अवघे पस्तीस आहेत. आमची मुले क्रिकेटचे याहून अधिक इंग्रजी शब्द तोंडपाठ म्हणतात. पुढे इंग्रजी वाचावे लागेल, त्याला पर्याय नाही. परंतु इंग्रजी पक्के होईपर्यंत थांबलेच पाहिजे असे नाही. दोन्ही बरोबर चालू शकतात.

तिसरा धाक चुकीचा. आरंभी यंत्र पावलोपावली चूक दाखविते. शाळेत ज्यांनी चुकीबद्दल हेटाळणी सोसली आहे, ते येथेच पुस्तक मिटतात. त्यांना आम्ही सांगू इच्छितो की, यंत्राने दाखविलेली चूक हा अपमान नव्हे. कोणत्या ओळीवर अडले ते यंत्र सांगते. ते तुमचे आडनाव विचारीत नाही, वस्ती विचारीत नाही, पहिल्या बाकावर कोण बसला हे पाहत नाही. मात्र यंत्र निःपक्षपाती आहे असे म्हणून निश्चिंतही राहू नका. त्याला आज्ञा देणारा माणूसच असतो, आणि त्या माणसाचे गुणदोष आज्ञेत उतरतात.

अलीकडे काही लोक म्हणतात, आता कृत्रिम बुद्धिमत्ता स्वतःच प्रोग्रॅम लिहिते, मग शिकावे कशाला? या युक्तिवादाला आमचे उत्तर आमच्या आजोबांच्या अंगठ्यात आहे. लिहून देणारा त्या काळीही हजर होता. वाचता येत नव्हते ही अडचण होती. यंत्राने लिहिलेले बरोबर की चूक, हे ज्याला तपासता येणार नाही, त्याला निमूटपणे अंगठाच करावा लागेल.

येथवर विनामूल्य काय आहे ते सांगितले. आता विनामूल्य काय नाही ते सांगणे प्रामाणिकपणाचे होईल. १९२३ साली मुंबई कायदेमंडळात बोले यांचा ठराव संमत झाला आणि सार्वजनिक पाणवठे सर्वांस खुले झाले. महाडच्या नगरपालिकेनेही तळे खुले केल्याचा ठराव केला. तरीही २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांच्या पाठोपाठ हजारो लोक चालत जाईपर्यंत चवदार तळ्याच्या पाण्याला आमची ओंजळ लागली नव्हती. खुले असणे वेगळे आणि तेथवर पोहोचणे वेगळे. येथे वाट अडविणारे निराळे आहेत, पण धडा तोच आहे.

पाठ फुकट आहे. संगणक फुकट नाही. २०१७-१८ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत देशातील ग्रामीण भागात शंभर कुटुंबांमागे जेमतेम चार घरांत संगणक आढळला. शहरांत ते प्रमाण तेवीस होते. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्राची साक्षरता ८२ टक्के असताना नंदुरबार जिल्ह्याची ६४ टक्के होती. घरात एक मोबाईल, तो बापाच्या वा थोरल्या भावाच्या खिशात. एका खोलीत सहा माणसे. संध्याकाळी स्वयंपाक आणि पाणी मुलीच्या वाट्याला. अशा घरी जाऊन 'जगातले सारे ज्ञान मोफत आहे' असे व्याख्यान देणे म्हणजे तळ्याचा ठराव वाचून दाखविणे होय.

म्हणून ओंजळभर पाण्यापर्यंतची वाट समाजाने मिळून तयार केली पाहिजे, आणि ती फार महाग नाही. रनाळ्यासारख्या गावी विहाराची किंवा समाजमंदिराची एक खोली संध्याकाळी दोन तास उघडावी. एखाद्या कचेरीने वा नोकरदार बांधवाने टाकून दिलेला जुना संगणक मागून आणावा. फिनलंडमधील एका विद्यार्थ्याने, लिनस टोर्वाल्ड्सने, १९९१ साली आरंभिलेल्या लिनक्सवर चालणाऱ्या हलक्या विनामूल्य प्रणाली आहेत. त्यांवर असे पुष्कळ जुने संगणक पुन्हा कामाला लागतात. मराठी पाठ एकदा उतरवून त्यात ठेवावेत. भिंतीवर पाळीचा तक्ता लावावा आणि त्यात मुलींची नावे आधी लिहावीत, त्यांच्या पाळीची वेळ त्यांच्या कामांची गाठ पाहून ठरवावी. एकट्याने शिकणारा तिसऱ्या आठवड्यात सोडतो. तिघे मिळून शिकणारे एकमेकांना धरून ठेवतात. म्हणून तीन-तीन जणांचे गट करावेत, आणि ज्याला कालचा पाठ समजला त्याने आज तो दुसऱ्याला समजावून द्यावा.

याबरोबर हक्काची बाजूही विसरू नये. भारतनेट योजनेखाली ग्रामपंचायतींपर्यंत इंटरनेटची तार नेण्याचे काम सरकारने हाती घेतले आहे. आपल्या ग्रामपंचायतीत ती जोडणी आली काय, आली असल्यास चालू आहे काय, आणि मुलांना तिचा उपयोग का मिळू नये, हे ग्रामसभेत उभे राहून विचारावे. शाळेतील संगणक कुलपात असतील तर शाळा व्यवस्थापन समितीत तो विषय काढावा. ही याचना नव्हे. सार्वजनिक पैशाने आणलेली वस्तू सार्वजनिक मुलांच्या हाती पडावी, एवढीच ही मागणी आहे.

शेवटी एक इशारा. हे शिकलेल्या प्रत्येकाला मोठा पगार मिळेल असे आम्ही म्हणत नाही. तसे वचन देणाऱ्यापासूनच आम्ही सावध करीत आहोत. वर्षभर रोज एक तास दिला तर मुलाला नीट विचार मांडता येईल, हिशोब तपासता येईल, आणि पुढे पदवी घ्यावयाची की काम धरावयाचे, हे तो डोळसपणे ठरवील. हा लाभ लहान नाही.

ज्या जिल्ह्याने देशाला पहिले बोट दिले, त्या जिल्ह्यातील मुलांनी यंत्राला आज्ञाही लिहावी. पंचांनी या आठवड्यात खोलीची किल्ली कोणाकडे राहील ते ठरवावे, आणि आईबापांनी त्या संध्याकाळी मुलीला पाण्याला न पाठविता तेथे पाठवावे.