हातकणंगल्याचा फलाट
1888 साली दक्षिण फ्रान्समधल्या आर्ल गावी व्हॅन गॉगने रुळांवर नुसते उभे असलेले रेल्वेचे डबे रंगवले. मोनेचं 1877 मधलं पॅरिसचं स्टेशन वाफेत विरघळतं. व्हॅन गॉगचा रंग मात्र ठाम बसतो. त्याच 1888 साली शाहू महाराजांच्या हस्ते कोल्हापूर-मिरज रेल्वेची पायाभरणी झाली, 1891 ला गाडी धावली. इचलकरंजीत मात्र ती आलीच नाही. आम्ही वस्त्रनगरीवाले अजून हातकणंगल्याला जाऊन गाडी धरतो. (नव्या मार्गाच्या बातम्या वाचतो, तो भाग वेगळा.) रखरखीत ऊन रंगवायला वाळवंट आपल्याकडे नाही, पण वैशाखातल्या दुपारी, दोन गाड्यांच्या मधल्या वेळात, तिथला फलाट वाळवंटाच्या फार लांब राहत नाही. कोल्हापूरच्या आबालाल रहिमान यांनी कोटितीर्थ तळ्याचं पाणी आणि त्यावरचा उजेड पुन्हा पुन्हा रंगवला, तेही दृक्प्रत्ययवादाच्या (इम्प्रेशनिझमच्या) जवळ जाणाऱ्या शैलीत. माझ्या मते हातकणंगल्याचा फलाट रंगवणं त्याहून अवघड. पाण्यात रंग आपसूक हलतात. इथे रूळ, पिवळी पाटी आणि तापलेली खडी एवढ्यावरच चित्र उभं करायचं, आणि सावली काळी न करता निळी लावायची धमक हवी.