पहिला साप कोणता पाळावा? – मुलांच्या प्रश्नाला आपण काय उत्तर द्यावं



'माझा आवडता प्राणी' या निबंधात वर्षानुवर्षं कुत्रा, मांजर, गाय, ससा हीच मंडळी येतात. हल्ली त्यात साप येऊ लागलाय. मोबाईलवर परदेशातली मुलं केशरी-पांढरा साप मनगटाला गुंडाळून बसलेली दिसतात आणि मग घरात प्रश्न येतो, "आई, मला साप पाळायचाय. पहिला कोणता घेऊ?" बहुतेक घरांत त्याला "काहीतरीच काय बोलतोस!" एवढंच उत्तर मिळतं.

मला वाटतं, हे उत्तर पुरेसं नाही. ज्या प्राण्याला बघताच मोठी माणसं काठी शोधतात, तो प्राणी एखाद्या मुलाला सांभाळावासा वाटतोय, ही वाईट गोष्ट नाही. "नाही" म्हणायचंच असेल तर कारणं सांगून म्हणा. कारण न कळलेलं मूल एक तर तो विषय सोडून देतं, नाहीतर बांधावर सापडलेलं पिल्लू बरणीत घालून घरी आणतं. ही दुसरी गोष्ट जिवावर बेतू शकते.

आपल्या शिवारातला साप निवडीत धरायचाच नाही

मुलांना आधी हे सांगा. नाग, धामण, अजगर, मांडूळ, दिवड हे आपल्याकडचे साप १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित आहेत. ते पकडून घरी ठेवणं, विकणं, विकत घेणं गुन्हा आहे. पिंजऱ्यातला आपला हिरवा पोपटसुद्धा याच कायद्यात येतो, हे अनेक पालकांना माहीत नसतं. मांडुळाची तर गुप्तधनाच्या अंधश्रद्धेपायी तस्करी चालते. तेव्हा "मांडूळ गरीब असतं, तेच पाळू" असं कोणी म्हणालं, तर ही बाजूही मुलांच्या कानावर घाला.

दुसरं कारण कायद्यापेक्षा मोठं आहे. बिनविषारी कवड्या आणि अतिविषारी मण्यार यांच्यात भल्याभल्यांची गफलत होते. बिनविषारी दुरक्या घोणस आणि विषारी घोणस यांचंही तेच. पुस्तकातल्या चित्रात फरक सोपा वाटतो, पण संध्याकाळी गवतात, हलणाऱ्या पिल्लावर तो दिसेलच असं नाही. शिवाय मण्यारीचा दंश अनेकदा फारसा दुखतही नाही, त्यामुळे दवाखान्यात जायला उशीर होतो. "मला ओळखता येतो" हा मुलांचा आत्मविश्वास इथे शत्रू ठरतो. शिवारातला साप लांबून बघायचा आणि घरात आला तर मोठ्यांना सांगून वनखात्याला किंवा जाणत्या सर्पमित्राला बोलवायचं. हा नियम घरात पाढ्यासारखा पाठ असू द्या.

मग व्हिडिओतली मुलं कोणता साप पाळतात?

अमेरिकेत, ब्रिटनमध्ये साप पाळणं हा रुळलेला छंद आहे. तिथे नवख्या माणसाला बहुतेक वेळा कॉर्न स्नेक सुचवतात. हा मूळचा अमेरिकेच्या आग्नेय भागातला, बिनविषारी. मोठा झाल्यावर साधारण ३ ते ५ फूट लांब होतो. स्वभावाने शांत, खायला फारशी कुरकुर नाही आणि पाळीव सापांपासून पिढ्यान् पिढ्या वाढवलेली पिल्लं मिळतात, म्हणजे जंगलातून पकडून आणलेला साप घ्यावा लागत नाही.

दुसरं नाव येतं बॉल पायथनचं. पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला हा छोटा अजगर घाबरला की अंगाचा चेंडू करतो, म्हणून हे नाव. दिसायला देखणा, पण महिनोन् महिने अन्न नाकारू शकतो. नवखा माणूस त्याने हवालदिल होतो. म्हणून माझ्या मते तिथल्या नवख्यांनीही पहिला साप कॉर्न स्नेकच घ्यावा.

रंग बघून निवड करू नये, हेही इथेच सांगायला हवं. बॉल पायथनचा 'स्पायडर' नावाचा एक नक्षीदार प्रकार माणसाने पैदास करून वाढवला. ती नक्षी देणाऱ्या जनुकाबरोबरच मज्जासंस्थेचा दोषही येतो. सापाचं डोकं डुगडुगतं, तोल जातो. आपल्या हौसेची किंमत प्राणी मोजतो, ती अशी.

आकाराचा अंदाज न घेतल्याचं उदाहरण फ्लोरिडात आहे. बर्मी अजगराचं पिल्लू हातात मावतं, म्हणून लोकांनी ते हौसेने घेतलं. ते १५ फुटांच्या पुढे गेल्यावर काहींनी दलदलीत सोडून दिलं, काही पळाले. आज एव्हरग्लेड्सच्या जंगलात त्यांनी तिथले सस्तन प्राणी फस्त करायचा सपाटा लावलाय. २०१२ मध्ये अमेरिकेने या अजगराच्या आयातीवर बंदी घातली, पण तोवर उशीर झाला होता.

तुमची भावंडं, भाचरं तिकडे राहत असतील आणि खरंच साप घेणार असतील, तर त्यांना एवढं जरूर सांगा: पिल्लू पाळीव पैदाशीतलंच घ्या, ते समोर खाताना बघून घ्या, पेटीचं झाकण कुलूपबंद ठेवा, कारण अगदी लहान फटीतूनही साप निसटतो. पेटीची एक बाजू उबदार, एक थंड आणि दोन्हीकडे लपायला जागा हवी. खाल्ल्यानंतर दोन दिवस त्याला हात लावू नका, नाहीतर खाल्लेलं ओकून टाकतो. सापाच्या अंगावर साल्मोनेला जंतू असू शकतात, म्हणून हाताळल्यावर साबणाने हात धुवायचेच. ५ वर्षांच्या आतलं मूल घरात असेल तर साप आणूच नये.

खरा हिशोब वीस वर्षांचा

आता आपल्याकडे वळू. परदेशी साप इथेही विकत मिळतात. पण बॉल पायथनसारखे प्राणी आंतरराष्ट्रीय व्यापार कराराच्या यादीत आहेत. २०२२ च्या कायदादुरुस्तीनंतर आणि २०२४ च्या नियमांनंतर असा प्राणी बाळगणाऱ्याला वनविभागाच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी करावी लागते. "कागदाचं नंतर बघू" म्हणणाऱ्या विक्रेत्याकडून काही घेऊ नका.

कागद नीट असले तरी शाळकरी मुलाला साप घेऊन देऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. त्याचं कारण भीती नाही, गणित आहे. हे गणित मुलालाच करायला द्या. कॉर्न स्नेक १५ ते २० वर्षं जगतो. तुझं वय आज १२ असेल, तर तो जाईल तेव्हा तू किती वर्षांचा? दहावी, बारावी, कॉलेजचं वसतिगृह, नोकरीचं गाव या सगळ्यांत त्याला कोण सांभाळणार? मोठ्या सापाला दर १० दिवसांनी एक उंदीर धरला, तर वर्षाला साधारण ३६ आणि वीस वर्षांत ७०० च्या वर. ते गोठवलेले उंदीर फ्रीजमध्ये ठेवायचे. श्रीखंडाच्या डब्याशेजारी आजी ते चालवून घेईल का?

पुढचा प्रश्न भूगोलाचा. या सापाला पेटीच्या उबदार बाजूलाही ३० अंशांच्या आसपासच तापमान हवं. नागपूर-चंद्रपूरला मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो आणि त्यात वीज गेली तर? तो आजारी पडला तर साप तपासणारा पशुवैद्य तालुक्याला मिळेल का? ही उत्तरं मुलाने स्वतः वहीत लिहिली, की "नाही" आपल्याला म्हणावंच लागत नाही.

आणि पालकहो, एवढं करूनही साप आणायचा ठरला, तर तो मुलाचा नाही, तुमचा आहे असं समजून आणा. वीस वर्षांची जबाबदारी बारा वर्षांच्या खांद्यावर टाकता येत नाही.

वर्गात काय करता येईल?

शिक्षक मित्रांनो, एक विनंती. शाळेत सर्पमित्राचा कार्यक्रम जरूर ठेवा, पण जिवंत साप मुलांच्या गळ्यात घालून फोटो काढू देऊ नका. 'साप वाचवा' हे व्याख्यानातलं वाक्य मुलं विसरतात, गळ्यातला साप मात्र लक्षात राहतो आणि तसंच स्वतः करून बघावंसं वाटतं. चित्रं, चित्रफिती, सापडलेली कात एवढ्यावर उत्तम तास होतो. सहल पुण्याला जात असेल तर कात्रजच्या प्राणिसंग्रहालयात साप काचेआड निवांत बघता येतात.

मग सापाच्या नावाने मुलांना वही करायला सांगा. परिसरात दिसलेला साप, तारीख, जागा, वेळ, तो काय करत होता, हे सगळं लांबून बघून लिहायचं. "साप दूध पितो का?", "डूख धरतो का?" असे प्रश्न घरी मोठ्यांना विचारायचे आणि खरं उत्तर पुस्तकातून शोधायचं. शेतातले उंदीर खाऊन धामण आपलं किती धान्य वाचवते, यावर पाच ओळी लिहायच्या. एक पावसाळा अशी वही भरली, की पेटीतल्या एका सापापेक्षा शिवारातले अनेक साप मुलाला 'आपले' वाटू लागतात. पहिला साप कोणता, या प्रश्नाचं आपल्या मुलांसाठीचं माझं उत्तर म्हणजे ही वही.