चित्रातला समुद्र

शाळेतून 'समुद्र वाचवा'चा प्रकल्प आला की घरात काय धांदल उडते, ते तुम्हाला ठाऊकच आहे, मैत्रिणींनो! रात्री दहाला निळ्या रंगाची शोधाशोध. लेक जांभया देतोय आणि समुद्र रंगवतेय आई. तोही थर्माकोलवर!

मग एखादी सहल जुहूला. भेळ, फोटो, की परत बसमध्ये. भिवंडीच्या मुलांना वाटतं, समुद्र म्हणजे लांबची गोष्ट. पण आपली कामवारी खाडीला मिळते आणि ती खाडी वसईपाशी समुद्राला. लूमच्या मागच्या गटारात टाकलेली पिशवी, डाइंगचं रंगीत पाणी, सगळं त्याच वाटेनं जातं. म्हणून मला वाटतं, सहल आधी कामवारीच्या काठावर न्यावी, वाळूवर नंतर. पाणी जसं दिसेल तसंच कागदावर येऊ द्या. काळं तर काळं. निळ्याशार समुद्रालाच बक्षीस द्यायची सवय आपण मोठ्यांनीच लावली ना?

किनाऱ्यावर जायचं तर ओहोटी गाठावी. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास पाणी खूप आत जातं, हे कोळणींना कुणी शिकवावं लागत नाही. आपणही कॅलेंडरवर तिथी बघतोच की. तेव्हा खडकांच्या खळग्यांत खेकडे, गोगलगायी, समुद्रफुलं दिसतात. 'मरीन लाइफ ऑफ मुंबई'ची मंडळी २०१७ पासून मुंबईच्या किनाऱ्यांवर लोकांना हेच दाखवू लागली. शंख मात्र पिशवीत भरून आणू देऊ नका. रिकाम्या शंखात काही खेकडे बिऱ्हाड करतात.

चित्रं काढून, चार पिशव्या उचलून काय होणार, असं घरातले म्हणतीलच. वर्सोव्याला ऑक्टोबर २०१५ मध्ये अफरोज शाह आणि त्यांचे एक वयोवृद्ध शेजारी असे दोघंच कचरा उचलायला लागले होते. पुढे शेकडो माणसं आली. मार्च २०१८ मध्ये त्याच वाळूतून ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं समुद्राकडे निघाली. अर्थात, पावसाळ्यात किनाऱ्यावर कचरा परत येऊन पडतोच. तो कुठल्या कुठल्या नाल्यांतून येतो, हा प्रश्न आपल्या वर्गात विचारायला काय हरकत आहे?

पुढच्या पालकसभेत बाईंशी बोलून बघा. आणि सहल ठरलीच, तर दोन-चार आयांनी सोबत जायचं नक्की करा. खडक निसरडे असतात, भरतीचं पाणी गुपचूप चढतं. एकट्या बाईंनी चाळीस मुलांकडे बघायचं तरी कसं?